पाच शेल्फ, चाळीस नट-बोल्ट आणि एक बैल

तान्हा पोळा उद्यावर आला आणि बैल सापडेना.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोट्टे लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा गोळा करतात. बोजारा म्हणजे पैसे, चॉकलेट, जो जे देईल ते. रघूजीराजे भोसल्यांच्या काळापासूनची रीत आहे म्हणतात. आमचा बैल सागवानी, दीड फूट उंच, चार चाकांवरचा. मुलगा चार वर्षांचा असताना सुताराकडून मुद्दाम करवून घेतला होता. आता मुलाची मुलगी चार वर्षांची झाली, म्हणजे बैल तिचा. आणि मागच्या वर्षी तो मीच गॅरेजमध्ये 'नीट' ठेवला होता.

रात्री नऊ वाजता मोबाइलचा टॉर्च घेऊन आत शिरलो. दीड तासात सापडलं ते असं: फ्लोअरिंगच्या उरलेल्या तेरा टाइल्स, दगड झालेल्या रंगाचे चार डबे, टीव्हीचं थर्माकोल (टीव्ही केव्हाच गेला), मुलाच्या लग्नाच्या वाटायच्या राहिलेल्या सत्तरेक पत्रिका आणि दोन वर्षांपूर्वी मी ज्याच्यावरून शेजाऱ्याशी अबोला धरला होता तो पाइप-पाना. बैल नाही. शेवटी नातीनं दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याच्या नातवाचा प्लास्टिकचा बैल उसना नेला.

त्याच दिवशी तिकडे शहरात काळी-पिवळी मारबत निघते, म्हणजे काळ्या आणि पिवळ्या रंगाच्या भल्यामोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी देतात. टीव्हीवर मिरवणूक पाहता पाहता बायको म्हणाली, "गॅरेजमधलं कबाड घेऊन जा गे मारबत." आणि मग माझ्याकडे बघून, "नाही तर जो ते साठवतो त्याला."

इथं थोडं गॅरेजच्या बाजूनं बोलायला हवं. आमच्या ले-आऊटमध्ये घर बांधलं तेव्हा घरात स्कूटर होती. तरी नऊ बाय पंधराचं गॅरेज काढलं, कारण पुढेमागे गाडी येईल. गाडी आली, पण तोवर कुलर येऊन बसले होते. नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, २०१३ साली तर ४७.९ला टेकला होता. त्यामुळे खोलीगणिक एक लोखंडी कुलर. चार महिने ते खिडकीत आणि आठ महिने गॅरेजमध्ये. चांगले दोन, आणि एक तिसरा. त्याची मोटार जळलेली, टाकीचं बूड सडलेलं, पण बॉडी जुन्या जाड पत्र्याची. गाडी मात्र बाहेर कडुनिंबाखाली, निंबोळ्या आणि कावळे झेलत. समोरचे काका रोज फिरायला जाताना विचारायचे, "काऊन भाऊ, गाडी उन्हात अन् कुलर सावलीत?"

शेवटी गॅरेज आवरायचं ठरलं. बजेट तीन हजार. पावती दाखवायची.

इतवारीच्या बाजारात स्लॉटेड अँगलच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या रॅकची चौकशी केली. दुकानदारानं विचारलं, "शीट किती गेज देऊ, वीस की बावीस?" मी ऐटीत म्हणालो, "बावीस द्या, मजबूत पाहिजे." तो क्षणभर थांबला. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे मला एकोणसाठाव्या वर्षी, तीन गिऱ्हाइकांच्या देखत कळलं. वीसचा भाव ऐकून "घरी विचारून येतो" म्हणालो. हे वाक्य नागपुरात पूर्ण इभ्रतीनं दुकानाबाहेर पडायला वापरतात.

मग ओळखीतला एक किराणा दुकानदार दुकान आवरत होता, त्याचा जुना रॅक अकराशेला मिळाला. सहा फूट उंच, पाच शेल्फ, वास हळदीचा. प्रत्येक शेल्फला चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्याला दोन बोल्ट, म्हणजे चाळीस. त्यानं एका पुडीत मोजून दिले आणि बजावलं, "सगळे आधी ढिले लावजा, मग कसजा." घरी आल्यावर मला वाटलं, ढिलं काम आपल्याला जमत नाही. पहिले आठ पान्यानं गच्च आवळले. सोळाव्यापर्यंत ठीक होतं. विसाव्याला शेल्फचं छिद्र अँगलच्या छिद्रासमोर येईना. अर्धा सूत इकडे. मी ठोकलं. तिकडचं सरकलं. तासाभरानं रॅक असा उभा होता की कोणीतरी त्याला हाक मारली आहे आणि तो वाकून ऐकतो आहे. सुनेनं फोटो काढला. सगळे बोल्ट परत काढले, ढिले लावले, कसले. एकोणचाळीस. चाळिसावा आजतागायत सापडलेला नाही.

बाकीचं सामान मावायला संत्र्याच्या पेट्या आणल्या. लाकडी पेट्या आता कमी झाल्यात, सगळीकडे प्लास्टिकचे क्रेट. पण अंबिया बहाराची संत्री बाजारात आली तेव्हा फळवाल्याकडे दहा मिळाल्या, तीस रुपयाला एक. भिंतीपासून चार बोटं सोडून, खाली विटा देऊन रचल्या, म्हणजे ओल धरत नाही आणि वाळवी लागली तर दिसते. पॉलिश पेपर मारायचा कंटाळा केला, तो दोन्ही हातांच्या सात बोटांतल्या कुसळांनी वसूल केला. खिळे-स्क्रूंसाठी काचेच्या बरण्या. झाकणं शेल्फच्या खालच्या अंगाला बोल्टनं बसवायची आणि बरणी खालून फिरवून लावायची. ही युक्ती खरंच उत्तम आहे, अट एकच, की बरणी काढताना ती कोणत्या दिशेला फिरवायची ते आठवावं. मला एकदा आठवलं नाही. फरशीवर अजून चुका सापडतात.

बाबांची सायकल मात्र हुकाला टांगली. आई म्हणाली, "फेकजो नको बापा, त्यानं ऑफिसले जायचे." त्यावर बजेटचा प्रश्न नसतो. सुतारानं छताला दोन हुक ठोकायचे चारशे घेतले.

दोन हजार शंभर झाले. उरलेला प्रश्न तिसऱ्या कुलरचा.

कबाडीवाला दिवाळीआधीच्या रविवारी आला. कुलरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, सडलेलं लोखंड हाये. चारशे."

"अरे, पत्रा पाहा की. असा पत्रा आता येत नाही."

"म्हणूनच तर कोणी घेत नाही. दोन माणसं लागते उचलाले."

बायको मागं उभी होती, म्हणून मी चारशे पन्नासवर थांबलो. नाही तर सहाशेपर्यंत नेला असता, किंवा तो निघून गेला असता. त्यानं आणि त्याच्या पोऱ्यानं कुलर आडवा केला. आतून गडगड आवाज आला. पोऱ्या म्हणाला, "पंप हाय वाटते." मागची ताटी उघडली. टाकीत, जुन्या चादरीत गुंडाळलेला, चार चाकं वर करून, बैल.

सगळं लख्ख आठवलं. मागच्या वर्षी मीच ठेवला होता. या कुलरला कोणी हात लावणार नाही, म्हणून. एक शिंग जरा हललं होतं, बाकी धक्का नाही. पोरगी नाचायला लागली. कबाडीवाल्यानं पन्नास रुपये काढून तिच्या हातावर ठेवले. "बोजारा," म्हणाला.

अशा माणसाशी मग सौदा कसा मोडायचा? पण मोडला. चहा पाजला, थर्माकोल, रंगाचे डबे आणि पत्रिका फुकट दिल्या. थर्माकोल तो फाटकाबाहेर ठेवून गेला.

गाडी त्या संध्याकाळी आत घालून पाहिली. एका बाजूला दीड फुटाचा रॅक, दुसऱ्या बाजूला पेट्या. गाडी गेली. दार उघडेना. डिकीतून बाहेर आलो, समोरचे काका बघत होते. ते काही बोलले नाहीत.

बैल आता कुठं ठेवायचा यावर जेवताना चर्चा झाली. रॅकवर ठेवला तर धूळ बसेल. पेटीत शिंगं मावत नाहीत. दिवाणात दमट. सुनेनं कुलरच्या दाराला खडूनं 'बैल' असं मोठ्या अक्षरात लिहिलं, आत नवी चादर घातली.

परवा बायको म्हणाली, "तो तिसरा कुलर तेवढा काढून टाका."

मी म्हणालो, "कसा काढू? त्यात बैल आहे."