आमची गोदा टेबलावर कधीच जाणार नाही

काउंटी फेअरमध्ये लेकीच्या हॉलंड लॉप जातीच्या सशाला 'बेस्ट ऑफ ब्रीड' मिळालं, त्याचे फोटो टाकले आणि तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींचे मेसेज येतायत. "कित्ती गोड गं! एवढीच राहणारी जोडी कुठे मिळेल?" प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

जोडी घेऊ नका. दोन्ही चिमुकले बघून पिल्लं काढायच्या विचाराने तर मुळीच नको.

ही जात नेदरलंड्समधली. टिलबर्गच्या आद्रियान द कॉक यांनी १९४९ मध्ये फ्रेंच लॉप आणि नेदरलंड ड्वार्फ यांचा संकर करायला घेतला, तिथे मान्यता मिळायला १९६४ उजाडलं. इथे अमेरिकेत प्रदर्शनातल्या सशाचं वजन चार पौंडांवर, म्हणजे साधारण एक किलो आठशे ग्रॅमवर गेलं की तो बाद. हा बुटकेपणा एका जनुकातून येतो. तो एकाच पालकाकडून आला तर ससा आखूड, गोल डोक्याचा, हवा तसा होतो. त्याला 'ट्रू ड्वार्फ' म्हणतात. दोघांकडून आला तर पिल्लू जगत नाही. त्याला 'पीनट' म्हणतात.

आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्याकडून पहिली जोडी घेतली, त्यांनी चकार शब्द काढला नाही. एकतिसाव्या दिवशी मादी व्यायली. पोटाचे केस उपटून तिने पेटीत मऊ गादी केली होती. चार पिल्लांची पोटं टम्म, पातळ कातडीखाली दूध पांढरं दिसत होतं. पाचवं त्यांच्या निम्म्याने. डोकं फुगलेलं, कान पार मागे, कंबर चिमटीत धरून ओढल्यासारखी. लेक तेव्हा नऊ वर्षांची. "आई, हा शेंगदाण्याएवढा आहे, याला मी ऊब देते," म्हणून ओंजळीत घेऊन बसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं. शाळेची बस चुकली त्या दिवशी, आणि मीही तिला पाठवलं नाही.

त्यानंतर आमच्याकडे गोदा आली. साडेचार पौंडांची, लांब अंगाची, लांब कानांची. परीक्षक टेबलावर दात बघतात, नखं बघतात, डाव्या कानातला गोंदलेला नंबर तपासतात. गोदा त्या सगळ्यात पास होईल, पण वजनकाट्यावर नाही. तिच्यात बुटकेपणाचं जनुकच नाही. म्हणूनच ट्रू ड्वार्फ नराशी तिची जोडी लावली की पीनट होऊच शकत नाही. तीन वर्षांत सहा वेतं झाली, एकही नाही.

काही जण म्हणतात, अशी मादी ठेवली की अर्धी पिल्लं मोठी निघतात, पिंजरे अडतात. अहो, पण हिशोब तर करा! दोन ट्रू ड्वार्फ एकत्र आणले तरी सरासरी निम्मीच पिल्लं ट्रू ड्वार्फ होतात. उरलेल्या निम्म्यांतली अर्धी मोठी आणि अर्धी मरणारी. गोदाकडे ती उरलेली निम्मी सगळी धडधाकट असतात. दोन्ही पालक प्रदर्शनातले असले की डोक्याची गोलाई जास्त भरते, असंही ऐकवतात. आमचा यंदाचा विजेता गोदाच्याच पोटचा आहे.

अशा मादीला इथे सर्रास 'बिग अग्ली डो', म्हणजे मोठी कुरूप मादी, म्हणतात. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारायचा नाही. मला मनापासून वाटतं, प्रदर्शनासाठी ससे वाढवणाऱ्या प्रत्येकाने अशा माद्या सांभाळाव्यात, आणि जोडी विकताना पीनटबद्दल समोरच्याला आधी सांगावं.

पुण्यातल्या मैत्रिणींनो, ससा पाळायचाच असेल तर वाढलेला, नसबंदी झालेला घ्या, वाळलं गवत सतत पुढ्यात ठेवा, आणि तिशीच्या वर पारा जातो तिथे एप्रिल-मे कसा काढणार याचा आधी विचार करा. ससा थंडी सोसतो, उकाडा नाही.

आज गोदाचा अठ्ठाविसावा दिवस. सकाळी पेटी ठेवली. मघापासून तोंडात गवताचा मोठा घास धरून ती पिंजऱ्यात फेऱ्या मारतेय, आणि लेक गृहपाठ सोडून तिच्याकडे बघत बसलीय.