अर्धा गुंठा गवत

कराडजवळच्या आमच्या रानात तीन पिढ्या गवत काढण्यात गेल्या. आजीची कंबर भांगलणीत वाकली, तर हरळी-कुंदा खणता खणता आप्पांनी दोन कुदळी झिजवल्या. त्या घराण्याचा मी कुलदीपक सध्या इंग्लंडात, रेडिंगला, अर्धा गुंठा गवत जगवतो आहे.

गेल्या सप्टेंबरात हिरवळीवर चालताना पाय गादीवर पडल्यासारखे मऊ पडायला लागले. मला वाटलं, जमलं बुवा एकदाचं! शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होते. (त्यांची हिरवळ अशी, की चपला बाहेर काढून मगच आत जावं.) ते म्हणाले, हे गवत नव्हे, शेवाळ. आणि त्याखाली 'थॅच', म्हणजे मेलेल्या काड्यामुळ्यांचा थर. सेंटिमीटरभर असला तर चालतो, त्याहून जाड झाला की हवापाणी मुळांपर्यंत पोचत नाही. उपाय एकच, 'स्कॅरिफाय' करा. मराठीत सांगायचं तर लोखंडी फणीनं गवताचं डोकं रक्त येईस्तोवर विंचरा.

आधी आयर्न सल्फेट मारलं. दोन आठवड्यांत शेवाळ काळंठिक्कर पडलं. थोडं फरशीवर उडालं, तिथं गंजाचे डाग पडले. बायको त्यावर काहीच बोलली नाही. अजूनही बोलत नाही. फक्त पाहुणे आले की त्यांना आवर्जून त्याच बाजूनं नेते.

मग कामाला लागलो. भाड्याचं यंत्र आणलं असतं तर तासाभरात उरकलं असतं, पण शेतकऱ्याच्या पोरानं दाताळं ओढायला यंत्र आणायचं? दहा मिनिटं अभिमानात गेली. अकराव्या मिनिटाला आजी आठवली. उभं विंचरून झाल्यावर आडवंही विंचरायचं असतं, हे आजोबांनी उभं संपल्यावर सांगितलं.

संध्याकाळी निघालेला ढीग मूळ हिरवळीपेक्षा मोठा होता, आणि बागेच्या कचऱ्याची गाडी कालच येऊन गेलेली. म्हणजे आता पंधरा दिवस ढिगाचा मुक्काम. मागं उरली ती जमीन तिरुपतीहून परतलेल्या माणसाच्या डोक्यासारखी दिसत होती. मला रडू यायचं बाकी होतं आणि आजोबा म्हणाले, "परफेक्ट!"

दुसऱ्या दिवशी राय-फेस्क्यूचं बी फेकत होतो, तेवढ्यात आप्पांचा व्हिडिओ कॉल आला.

"काय रं, पेरणी हाय व्हय? काय पेरतुयास?"

"गवत."

बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"इकत आणलंस?"

"हो."

"हितं बांधावर हाय की लेका फुकाट. पोतं भरून धाडू का?"

तेवढ्यात माझ्या मागं चार कबुतरं उतरली आणि शिस्तीत बी टिपायला लागली. मी हातातलं दाताळं उगारून, वाकलेल्या कमरेनिशी, त्यांच्यामागं धावलो.

"आप्पा, बुजगावणं लावू का?"

"कशाला खर्च? हाईस तसा उभा ऱ्हा की."