न वितळता जोड पक्का कसा? एका वेल्डर वाचकाला उत्तर

नमस्कार,

टर्बोचार्जरचा रोटर म्हणजे इंजिनाच्या गरम गॅसने फिरणारं चाक आणि त्याला फ्रिक्शन वेल्डिंगने, म्हणजे घासून आणि दाबून, जोडलेला स्टीलचा शाफ्ट. त्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: धातू वितळलाच नाही तर एकजीव कसा होणार, घासून दाबलेला जोड म्हणजे चिकटवाचिकटवी, तुम्ही इनकोनेल (निकेलचा उष्णतारोधक मिश्रधातू) टिगने (विजेच्या आर्कने वितळवून) जोडता आणि तो जोड कधी गेला नाही, शिवाय दोन वेगळ्या धातूंचा जोड लालभडक गॅसमध्ये टिकेल हे तुम्हाला पटत नाही. वर्षानुवर्षं हातात टॉर्च धरलेल्या माणसाचा आक्षेप आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी टिगचं. फॅब्रिकेशनमध्ये येतं ते इनकोनेल बहुतेक वेळा ६२५ या प्रकारचं असतं. त्यात ॲल्युमिनियम अर्धा टक्कासुद्धा नसतो आणि ते टिगला छान दाद देतं. टर्बोचं चाक मात्र पुष्कळदा ७१३ सी या ओतीव निकेल मिश्रधातूचं असतं आणि त्यात ॲल्युमिनियम सुमारे ६ टक्के. या ॲल्युमिनियममुळेच निकेलमध्ये ते बारीक कण तयार होतात, ज्यांच्या जोरावर चाक लाल तापूनही ताकद सोडत नाही. वितळवून जोडायला गेलं की हाच गुण अंगाशी येतो. जोड गोठताना क्रॅक जातात, त्यातून वाचला तर नंतरच्या हीट ट्रीटमेंटमध्ये जातात. ६२५ चा अनुभव इथे लावता येत नाही.

आता चिकटवाचिकटवीबद्दल. दोन धातूंचे अणू एकमेकांना भिडू देत नाही तो मधला ऑक्साइड आणि मळ. वितळवणं हा त्यावरचा एक उपाय झाला. फ्रिक्शन वेल्डिंगमध्ये एक जॉब (तुकडा) मशीनच्या स्पिंडलवर फिरतो, दुसरा त्याच्यावर दाबला जातो. सुरुवातीला कोरडं घासणं असतं, टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, एकदम चढतो. मग तोंडाशी धातू मऊ पडतो. मऊ पडला की घासण्याला विरोध कमी, म्हणून उष्णताही कमी; त्यामुळे तापमान वितळणबिंदूच्या खालीच थोपतं. मऊ थर कडेने कॉलरसारखा बाहेर येतो आणि सोबत ऑक्साइड घेऊन जातो. स्पिंडल थांबवून शेवटी जास्त दाब दिला जातो, तेव्हा स्वच्छ धातूला स्वच्छ धातू भिडलेला असतो. त्या कॉलरला, म्हणजे फ्लॅशला, कोणी वाया गेलेला माल म्हणू नये.

वेगळ्या धातूंबद्दलची तुमची शंका मात्र मी हलकी मानत नाही. तापलेलं ७१३ सी स्टीलपेक्षा फार कडक राहतं, म्हणून फ्लॅश जवळजवळ सगळा शाफ्टच्या बाजूने निघतो. चाकाची बाजू सरकतच नाही, म्हणजे ती आपोआप साफही होत नाही. त्यामुळे चाकाचं तोंड वेल्डिंगआधी ताजं फेस केलेलं (सपाट कातलेलं) आणि तेलाविना हवं. इथे आळस केला तर जोड कच्चा राहतो. दुसरीकडे क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनम) स्टीलच्या शाफ्टचा जोडालगतचा भाग झपाट्याने थंड होऊन काचेसारखा कडक होतो, म्हणून टेम्परिंग (पुन्हा बेताने तापवून कडकपणा उतरवणं) टाळून चालत नाही.

लाल गॅसचं म्हणाल, तर जोड पात्यांजवळ नसतोच. तो चाकाच्या पाठीमागे, बेअरिंगच्या तेलाकडच्या बाजूला असतो, आणि चाक व शाफ्ट यांच्यामध्ये मुद्दाम पोकळी ठेवतात, म्हणजे उष्णता शाफ्टकडे कमी उतरते. इंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्येही डोकं उष्णतारोधक धातूचं, दांडी साध्या कडक स्टीलची, आणि जोड पूर्ण उघडल्यावरही गाइडच्या (दांडी सरकते त्या नळीच्या) आतच राहील अशा बेताने घेतात.

इलेक्ट्रॉन बीमने वितळवूनही हे रोटर जोडतात, हे खरं. पण ते व्हॅक्यूममध्ये, अत्यंत अरुंद पट्टीत होतं. हातातल्या टॉर्चने ते साधत नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारायला हवी होती, ती मीच सांगतो. कच्चा जोड बाहेरून अगदी पक्क्यासारखा दिसू शकतो, अल्ट्रासोनिक तपासणीलाही चकवू शकतो. म्हणून प्रत्येक जॉबचा दाब, आरपीएम आणि लांबी किती घटली याची नोंद ठेवावी लागते, आणि बॅचमधला एखादा जॉब उभा कापून, एच करून (आम्लाने पृष्ठभाग खाऊ देऊन) जोडरेषा बघावी लागते. तुमच्याकडे असा रोटर आला तर सप्लायरकडून ही नोंद आधी मागून घ्या.