‘एका हंगामात सेंद्रिय द्राक्षं, थेट युरोप’ म्हणे!

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. ‘युरोपला आता केमिकलचा माल नको. एका हंगामात सेंद्रिय व्हा, तिप्पट दर घ्या.’ खाली चार-पाच मुद्दे, आणि अगदी तळाला एका ‘जैविक अर्का’च्या कॅनसाठी फोन नंबर. असले मेसेज मी न वाचताच उडवतो. पण हा माझ्या मामांनी वाचला आणि यंदाच्या ऑक्टोबर छाटणीपासून बुरशीनाशकं बंद करायचं ठरवून टाकलं. बाग थॉमसन जातीच्या द्राक्षांची, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. म्हणून हे लिहावं लागतंय.

‘एका हंगामात सेंद्रिय.’ होत नाही. द्राक्ष हे बहुवर्षीय पीक. त्याला रूपांतरणाची तीन वर्षं लागतात, आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमातही (सगळे त्याला एनपीओपी म्हणतात) आणि युरोपच्या नियमातही. त्या काळात खर्च सेंद्रियचा आणि माल विकायचा साध्या दराने. शिवाय मण्याला फुगवण यावी म्हणून आपण सीपीपीयू वापरतो, ते कृत्रिम संजीवक. सेंद्रियमध्ये चालत नाही. मग युरोपला लागते ती साइज कशी आणायची, यावर मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

‘गावगटाचं सर्टिफिकेट पुरतं.’ हे म्हणजे पीजीएसचं, शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांना द्यायचं सर्टिफिकेट. ते देशातल्या बाजारापुरतं असतं. सेंद्रिय म्हणून बाहेर पाठवायचं तर एनपीओपीची मान्यता असलेली संस्थाच लागते, आणि तेवढ्यानेही भागतंच असं नाही. आपल्याकडून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड (जंतू मारायला वापरतात तो वायू) सापडायला लागल्यावर युरोपने भारतात काम करणाऱ्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली होती, 2022 च्या सुरुवातीपासून.

आता ज्या मुद्द्यावर माझं डोकं फिरलं तो. ‘अर्क जैविक आहे, रेसिड्यू येतच नाही, त्यामुळे तपासणीची भानगड नाही.’ (रेसिड्यू म्हणजे फळात उरणारा औषधाचा अंश.)

एक तर तपासणी तुमच्या मर्जीची नसतेच. युरोपला माल जायचा तर प्लॉटची नोंदणी हवी आणि काढणीआधी लॅबच्या माणसाने बागेत येऊन सॅम्पल न्यायला हवं. तुम्ही काय मारलं हे ती लॅब तुमच्या तोंडून ऐकत नाही, मशिनवर बघते. ही पद्धत आली 2003 मध्ये आपल्या द्राक्षांत नेदरलँड्सला औषधांचे अंश सापडल्यानंतर. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला युरोपात सरसकट किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. आता कॅनवर ‘जैविक’ लिहिलंय आणि आत लेबलवर नसलेलं कीटकनाशक निघालं, तर? अशी भेसळ होते, हे द्राक्षपट्ट्यात कुणालाही विचारा. विकणारा पैसे घेऊन मोकळा, प्लॉट फेल होणार मामांचा.

2010 विसरलात का? सीसीसी हे वाढ रोखणारं औषध आपण मारतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, शेंडा आवरायला. फळ येतं ते पुढे ऑक्टोबर छाटणीवर. तरी त्याचे अंश द्राक्षांत उतरले. युरोपची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा सीसीसी नव्हतंच. इथे पास झालेले कंटेनर तिकडे जाऊन अडकले. कित्येक शेतकऱ्यांच्या हाती काही पडलं नाही, निर्यातदारही बुडाले. ते औषध निदान नाव माहीत असलेलं होतं. इथे कॅनमध्ये काय आहे तेच ठाऊक नाही आणि म्हणे तपासणी नको!

बुरशीनाशकं एकदम बंद करण्याबद्दल एवढंच: 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस आठवा. डाऊनी या बुरशीच्या रोगाने घड कसे जिरवले ते मामांनी स्वतः पाहिलंय. दशपर्णीच्या, म्हणजे दहा झाडपाल्यांच्या अर्काच्या, भरवशावर तो पाऊस काढून दाखवणारा मला अजून भेटायचाय.

‘चांगला माल गोऱ्यांना, विष आपल्याला.’ यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो, नाइलाजाने. युरोपच्या मापात न बसलेला प्लॉट बहुतेक वेळा इथल्याच बाजारात जातो, आणि नाशिक-मुंबईच्या हातगाडीवर सॅम्पल घ्यायला कुणी येत नाही. पण युरोपची मर्यादा ओलांडली म्हणजे विष झालं, असं नाही. आणि बाहेर जाणारी द्राक्षं काही बिनफवारणीची नसतात. ती मोजून, एनआरसीच्या (मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या) यादीतलीच औषधं वापरून, शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरलेले दिवस सोडून पिकवलेली असतात.

ट्रायकोडर्मा, बॅसिलस या रोगाला आवरणाऱ्या उपयोगी बुरशी-जिवाणूंचा उपयोग होतो, हेही खरं. एनआरसी स्वतःच त्यांची शिफारस करतं. शेवटच्या टप्प्यात रासायनिक फवारण्या त्यामुळे कमी करता येतात. ‘रेसिड्यू फ्री’ माल म्हणतात तो असा निघतो. पण तो म्हणजे सेंद्रिय नव्हे, आणि त्याला तिप्पट दर कुठला एजंट देतो ते मेसेजवाल्याने नावानिशी सांगावं.

मामा, कॅन घ्यायचाच असेल तर त्या नंबरवर फोन करून आधी तीन गोष्टी मागा: बॅच नंबर, त्याच बॅचचा मान्यताप्राप्त लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट, आणि पक्कं बिल. दिलं, तर रिपोर्ट मला पाठवा. तोवर फवारणीचं वेळापत्रक आहे तसंच राहू द्या.