तुरटीला नायट्रेट धरता येत नाही

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला तिघांकडून आला, त्यातला एक माझा मेव्हणा. मजकूर थोडक्यात असा: धरणाच्या वरच्या शेतात पिकांची फेरपालट करा, दोन पिकांच्या मधल्या काळात जमीन उघडी टाकू नका, म्हणजे शहराचं पिण्याचं पाणी चांगलं राहतं, हे परदेशी खूळ आहे. पाणी शुद्ध करायला केंद्र आहे, उरलंसुरलं उकळलं की जातं, आणि ही जादा पिकं धरणाचंच पाणी पितात.

आधी केंद्राचं बघू. मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन आपल्याकडे नवी मुंबईत येतं. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, वाळूच्या थरांतून पाणी गाळलं जातं, क्लोरीनने जंतू मरतात. यात कुणाचं काही चुकत नाही. पण युरियातला नत्र मातीत नायट्रेट होतो आणि नायट्रेट पाण्यात साखरेसारखं विरघळतं. ते तुरटीला धरता येत नाही, वाळूला अडवता येत नाही, क्लोरीन त्याचं काहीच करत नाही. उकळण्याचं तर उलटंच आहे. पाण्याची वाफ होते, नायट्रेट पातेल्यात तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. भारतीय मानकात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. कारण त्याहून जास्त असलेल्या पाण्यात दूध पावडर कालवून पाजली तर काही महिन्यांच्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहता येत नाही, बाळ निळं पडतं.

नायट्रेट काढणारी यंत्रं असतात, पण ती वेगळी आणि महाग. अमेरिकेतल्या डे मॉइन शहराची नदी मका-सोयाबीनच्या पट्ट्यातून येते. तिथल्या जलविभागाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला खास नायट्रेट काढायचं केंद्र बांधलं. २०१५ मध्ये वरच्या तीन जिल्ह्यांवर खटला भरला, तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. २०२५च्या उन्हाळ्यात यंत्रं चालू असूनही तिथल्या लोकांना हिरवळीला पाणी घालायला बंदी झाली. त्याच आयोवा राज्याच्या अभ्यासात मक्यानंतर राय हे गव्हासारखं धान्य पेरलं तर नायट्रेटची गळती सरासरी ३१ टक्के कमी होते असं निघालं, जास्त वर्षांच्या फेरपालटीने ४२ टक्के.

मोरब्याचं पाणी तसं झालंय असं मी म्हणत नाही. आपल्याकडे भाताच्या खाचरात पाणी तुंबलेलं असतं, तिथे बराच नायट्रेट वायू होऊन उडून जातो. आपला प्रश्न आधी मातीचा आहे, आणि त्या संदेशात माती हा शब्दच नाही. उघड्या उतारावरून जूनच्या पहिल्या सरींत जी माती निघते ती धावरी नदीतून धरणात येते आणि तळाशी बसते. शुद्धीकरण केंद्र धरणाच्या खाली आहे. बसलेल्या गाळाला ते काय करणार? जेवढा गाळ, तेवढी पाण्याची जागा गेली, आणि ती परत मिळवणं म्हणजे धरण उपसणं. मोरबे महापालिकेचं स्वतःच्या मालकीचं धरण आहे, म्हणजे तो खर्चही आपलाच.

ठाण्यातल्या मित्रांना मात्र एक कबुली देतो. उल्हास नदीवर दर उन्हाळ्यात जलपर्णी पसरते, ती मुख्यतः गावा-शहरांच्या सांडपाण्यावर पोसलेली. तिथे आधी गटारं अडवावी लागतील. वाल पेरून ती जायची नाही.

आता पाणी पिण्याचा आरोप. आमच्या आत्याचं शेत खालापूर तालुक्यात आहे. भात कापलं की खाचरात उरलेल्या ओलाव्यावर वाल टाकायचे, पाणी द्यायचं नाही. तो ओलावा एरवी भेगांतून उन्हात जातोच, धरणात फारसा येत नाही. वाल आधी मातीत मोकळा असलेला नत्र उचलतो, मग हवेतला धरू लागतो. नत्र पकडण्यात तो रायइतका पक्का नाही, हेही खरं. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये वाल निघाले की जूनपर्यंत जमीन पुन्हा उघडीच. त्यासाठी पहिल्या पावसावर ढेंचा किंवा ताग ही हिरवळीच्या खताची पिकं पेरावीत आणि चिखलणीत गाडावीत, तेवढा युरियाही वाचतो. आवणी, म्हणजे भाताची लावणी, उशिरा असली तरच हे जमतं.

आणि परदेशी? कोकणात वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर नाचणी, मग वरी, मग खुरासणी, मग पड, हा क्रम खतांची गोणी येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. त्याला फेरपालटच म्हणतात. परदेशी काही घ्यायचंच असेल तर म्युनिकचं घ्यावं. तिथली पाणीपुरवठा करणारी नगर-कंपनी १९९२ पासून मांगफाल खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीसाठी पैसे देते. पाणी शहर पितं, म्हणून पैसे शहर देतं.

कारण अडचण ज्ञानाची नाही. आत्याने वाल टाकणं सोडलं ते गुरांमुळे. भात निघालं की गावभर गुरं मोकाट सुटतात. शेजारच्या चार खाचरांत कुणी पेरलं नसेल तर आपले वाल राखायला रात्रंदिवस माणूस बसवावा लागतो, आणि तेवढी मजुरी वालातून निघत नाही. सगळ्यांनी पेरलं तर एक राखणदार पुरतो. पाणीपट्टीतून पहिल्यांदा काही द्यायचं असेल तर त्या राखणदाराचा पगार द्यावा, असं माझं मत.

मेव्हण्याला मी हे सगळं लिहून पाठवलं. त्याने विचारलं, मग जानेवारीत मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी करायची ना? शेंगा विकत आणाव्या लागतील, असं कळवलंय.