डिकीत पेटी, डोक्यात गाडी

वर्षाला चाळीसेक हजार किलोमीटर गाडी हाकणाऱ्या माणसाने कुठली गाडी घ्यावी, हे सगळ्यात ठामपणे कोण सांगतं? ज्याची स्वतःची गाडी रविवारी धुण्यापुरती बाहेर निघते, तो. माझ्या गोतावळ्यात असे तज्ज्ञ मुबलक आहेत. "जुनी गाडी आता काढावी म्हणते," एवढंच मी एकदा बोलून गेले आणि त्या रात्रीपासून माझा फोन व्हिडिओंनी भरून वाहायला लागला.

माझं काम असं की दवाखान्यांतली आणि प्रयोगशाळांतली यंत्रं बिघडली की मी जायचं. यंत्रांना माणसांची कदर नसते. सकाळी मी पूर्वेला निघाले की हमखास पश्चिमेचं यंत्र बंद पडतं. सोबत हत्यारांची पेटी, सुट्या भागांची खोकी आणि मोजमापाची नाजूक उपकरणं. म्हणजे मला हवी होती दिवसाचे पाच-सहा तास कंबर शाबूत ठेवणारी, पेटी पोटात घेणारी, इंधन बेताने पिणारी गाडी. आणि (इथे ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो) चालवताना जरा मजा देणारी.

"वहिनी, कामाच्या गाडीत मजा कशाला?" धाकट्या दिरांनी विचारलं. मी म्हटलं, "भावोजी, सोफा घेताना तुम्ही सगळी दुकानं पालथी घातलीत. त्यावर तुम्ही बसता रात्रीच्या बातम्यांपुरते. मी सीटवर दिवस काढते." यावर ते म्हणाले, सोफ्याचं वेगळं असतं. का, ते सांगितलं नाही.

भावोजींचा पक्ष डिझेलचा. आणि कबूल करायला जिवावर येतं, पण माझ्यापुरतं त्यांचं बरोबर होतं. डिझेलला इंजिन सावकाश फिरत असतानाच जोर असतो. भरलेली डिकी घेऊन चढ चढताना इंजिन कण्हत नाही, आणि लांबच्या सपाट रस्त्यावर ते इंधनाला जपतं. गंमत अशी की हे सांगणारे भावोजी स्वतः डिझेल गाडीने ज्या ऑफिसला जातात, ते त्यांच्या गॅलरीतून दिसतं. हल्लीच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून टाकायला आत साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि ते मिळायला गाडी जरा पळावी लागते. भावोजींची गाडी गरम व्हायच्या आत पोचते. त्यामुळे त्यांच्या डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा सणासुदीसारखा लागलेला. मग अधूनमधून ते एकटेच हायवेला लांबवर जाऊन काजळी जाळून येतात आणि घरी सांगतात, लाँग ड्राइव्हला गेलो होतो.

ऑफिसातल्या सहकाऱ्याचा जीव विजेच्या गाडीत अडकलेला. त्याची गाडी मी चालवून पाहिली. आवाज नाही, धूर नाही, आणि सिग्नल सुटला की आपलं डोकं मागच्या उशीवर जाऊन आदळतं. मजेच्या बाबतीत तिला शंभर गुण. शहरात वेग कमी करताना वीज परत बॅटरीत भरते, त्यामुळे तिथे ती चांगली पुरते. माझा रस्ता मात्र शहराबाहेरचा, एकाच वेगाने तासन्‌तास रेटायचा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० वरून १२० वर गेलात की वेग वाढतो २० टक्के, अडथळा ४४ टक्के. हे गणित सगळ्याच गाड्यांना लागू आहे. फक्त डिझेलवाल्याला ते पंपावर कळतं आणि वीजवाल्याला निम्म्या वाटेत. त्यात चार्जिंग ८० टक्क्यांपर्यंत भराभर होतं आणि पुढे रेंगाळतं. "तेवढ्यात पाय मोकळे करायचे," सहकारी म्हणाला. तिकडे यंत्र बंद पडून लोक खोळंबलेत, त्यांना काय सांगायचं? "त्यांनाही सांगायचं, पाय मोकळे करा."

दादा हायब्रिडवाला, म्हणजे इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीचा. टोयोटाने १९९७ साली प्रिअस बाजारात आणली, हे तो अशा सुरात सांगतो की जणू कारखान्यातून ती ढकलत यानेच बाहेर आणली. गर्दीत थांबत-थबकत जायचं असेल तर हायब्रिडसारखी गुणी गाडी नाही. पण मोकळ्या रस्त्यावर एका वेगात जाताना तिची बॅटरी बरीचशी प्रवासीच असते, तीही तिकीट न काढलेली. शिवाय मी चालवलेल्या हायब्रिडमध्ये पाय दाबला की इंजिन एका वरच्या सुरात रडायला लागायचं आणि गाडी सावकाश त्याची समजूत काढत पुढे सरकायची. दादा म्हणाला, "सवय होते." नवीन गाडी घेताना ऐकायला नको असलेली ही दोन वाक्यांची जोडगोळी आहे: "सवय होते" आणि "तेवढं चालतं".

नवऱ्याने एक्सेल उघडलं. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचा आनंद मावळायला सुरुवात होते ती इथून. ॲव्हरेज, सर्व्हिसिंगचं अंतर, टायर, विमा, विकताना काय येईल, सगळ्याचे रकाने. वॉरंटीच्या रकान्यात "तीन वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी येईल ते" असं वाचून त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या आयुष्यात कायम किलोमीटरच आधी येतात. तीन वर्षांची वॉरंटी माझ्याकडे अडीच वर्षांत म्हातारी होते. शेवटचा रकाना माझ्या आग्रहाखातर: मजा. "याचं एकक काय?" नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, चालवून आले की माझ्या चेहऱ्याकडे बघून भर. त्याने तिथे 'छान' असं लिहिलं, आणि बेरजेच्या खान्यात चूक दाखवणारा हिरवा त्रिकोण उगवला.

त्याच तक्त्यात माहितीपत्रकातलं ॲव्हरेजही होतं. या आकड्यावर माझा जुना राग आहे. युरोपात २०१७ पर्यंत नव्या गाड्यांची इंधनचाचणी ज्या पद्धतीने व्हायची, तिच्यात गाडीचा सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास असायचा. एवढ्या संयमाने मी फक्त पार्किंग शोधत फिरते. नंतर आलेली चाचणी बरीच खरी आहे, तरी तिच्यात माझी पेटी नसते, उलटा वारा नसतो आणि "मॅडम, कुठपर्यंत आलात?" असे फोनही नसतात.

मग शोरूमची पायरी चढले. नवरा सोबत होता, कारण त्याला रकाने भरायचे होते. सेल्समन मुलगा हसतमुख. त्याने सरळ नवऱ्याशी हात मिळवला. "सर, टॉर्क बघा सर." टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ. सरांना गाडी चालवता येत नाही. सर मागच्या सीटवर बसून झोपतात. मी सांगितलं, चालवणार मी आहे. तो म्हणाला, "वा मॅडम," आणि माझ्याकडे वळून सन-व्हायझरमागचा आरसा उघडून दाखवला. त्याला बारीक दिवा होता. टॉर्क पुन्हा सरांकडे गेला.

मी तिथल्या उंच एसयूव्हीत बसले. सीट मागेपुढे केली, वरखाली केली, कमरेचा टेकू फिरवला, स्टिअरिंग ओढून घेतलं. आणि बसून राहिले. बराच वेळ गेल्यावर त्याने वाकून विचारलं, "मॅडम, निघायचं?"

"थांब. कंबर काय म्हणते ते बघतेय."

कंबर लगेच बोलत नाही. पहिली पाच मिनिटं प्रत्येक सीट मखमली असते. विसाव्या मिनिटाला मांडीखाली आधार कमी आहे हे कळतं, चाळिसाव्याला उजवा गुडघा दारावरच्या कठीण प्लॅस्टिकला टेकतोय हे. शोरूमची चक्कर मात्र ठरलेली: गुळगुळीत रस्ता, डावीकडे वळा, पुन्हा डावीकडे, पुन्हा, की आलो परत. मी खड्ड्यांचा रस्ता मागितला तर तो म्हणाला, टेस्ट ड्राइव्हची गाडी आहे, मॅडम. हो, आणि मी टेस्टच करतेय.

वरच्या मॉडेलला मोठी, चकचकीत अलॉय चाकं होती. चाक मोठं झालं की टायरची उभी भिंत बारकी होते. टायरवर २०५/५५ आर १६ असं लिहिलेलं असतं, त्यातला ५५ म्हणजे ही भिंत रुंदीच्या ५५ टक्के. आकडा खाली गेला की दिसायला तोरा येतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक सांधा मणक्यापर्यंत पोचतो. मी लहान चाकाचं मॉडेल मागितलं तेव्हा त्या मुलाने प्रथमच माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. स्टेपनी विचारली, तर त्याने कौतुकाने एक डबी दाखवली, पंक्चरचं किट. खिळा लागला तर ते ठीक. टायरची बाजू फाटली तर ती डबी हातात धरून रस्त्याकडेला उभं राहायचं.

वातानुकूलन पडद्यावर, दोन मेनू आत. मी हातमोजा घातलेल्या हाताने तो थंडावा कमी करायचा प्रयत्न केला, तर रेडिओ लागला. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न असल्या मोजक्या गोष्टींसाठी खरीखुरी बटणं असण्याला गुण द्यायचं ठरवलं आहे. मी त्यांना मनोमन दुवा दिला.

क्रूझ कंट्रोलवर, म्हणजे पाय न दाबता ठरवलेला वेग धरून ठेवणाऱ्या सोयीवर, मात्र मी अडून बसले. त्यामागची कथाही मला प्रिय आहे. ते शोधणारा इंजिनिअर राल्फ टीटर लहानपणापासून अंध होता. त्याचा वकील बोलता बोलता गाडी चालवायचा, बोलताना वेग कमी आणि ऐकताना जास्त. त्या हिसक्यांना वैतागून टीटर कामाला लागला असं सांगतात. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं, १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते आलं. दादा अगदी त्या वकिलासारखा चालवतो. त्याच्या शेजारी तासभर बसलं तर मीसुद्धा काहीतरी शोधून काढीन.

आणि शेवटी मी येताना आणलेली हत्यारांची पेटी काढली. सेल्समन पांढरा पडला. डिकीचा ओठ माझ्या कमरेच्या वर. पेटी आधी गुडघ्यावर टेकवायची, मग हिसका देऊन वर उचलायची, मग ओठावरून आत लोटायची, की ती आतल्या खोलगट भागात धाडकन पडते. काढताना हाच तमाशा उलटा. मी एकदा घातली, एकदा काढली. तो धावत येऊन बंपरवर हाताने पुसत राहिला. "सर, मॅडम फार बारकाईने बघतात," तो नवऱ्याला म्हणाला. नवऱ्याने डिकीच्या ओठाची उंची टेपने मोजून रकाना वाढवला. त्या दिवशी तो मला फार आवडला.

उंच एसयूव्ही अशा रीतीने बाद. उंचीमुळे वारा जास्त अडवते, वळणावर कलते, आणि पेटी चढवायला तिला माणूस ठेवावा लागेल. "पण समोरचं छान दिसतं," भावोजी म्हणाले. खरंय. समोर मला बहुतेक वेळा दुसऱ्या एसयूव्हीची पाठ दिसते.

मजेचा मुद्दा मात्र घरात कुणालाच पटेना. तेव्हा मी अर्व गॉर्डन काढला. हा अमेरिकेतला विज्ञानाचा शिक्षक. १९६६ साली त्याने व्होल्वो पी१८०० घेतली आणि रोज तिने लांबच्या शाळेत कामाला गेला. २०१३ मध्ये त्या एकाच गाडीने ३० लाख मैल पुरे केले, म्हणजे ४८ लाख किलोमीटरच्या वर. भाड्याची नसलेल्या एका गाडीत एकाच मालकाने सगळ्यात जास्त अंतर कापल्याचा जागतिक विक्रम त्याचा. आता ही पी१८०० कशी? दोन दारांची, लांब नाकाची, बांधेसूद कूपे. मागच्या सीटवर फार तर दप्तर मावेल. त्याच्याही कुणा भावोजींनी नक्की विचारलं असणार, कामाच्या गाडीत मजा कशाला? पण रोज सकाळी तिच्यात बसावंसं वाटलं म्हणून तर एवढं अंतर झालं. कंटाळवाणी असती तर लाखभर मैलांत विकली असती. हे ऐकून नवऱ्याने मजेच्या रकान्याला प्रथमच आकडा दिला. शंभरात पंधरा. मी वीसवर तोडलं.

माझी मजा तशी फार मोठी नाहीच. शर्यत लावायची हौस नाही, शून्यावरून शंभर किती सेकंदांत हे विचारून मी काय करणार? एका गिऱ्हाइकाकडे जाताना जुन्या रस्त्याने गेलं तर पाच-सहा वळणं लागतात, एकातून सुटलं की दुसरं तयार. तिथे स्टिअरिंग हातात जिवंत वाटावं, गाडी कलंडल्यासारखी न करता वळणाला धरून राहावी, आणि बाहेर पडताना पाय दाबला की तिने "आत्ता?" असं विचारू नये. एवढंच.

घेतली ती स्टेशन वॅगन, म्हणजे बुटकी, लांबट, मागे ऐसपैस डिकीची गाडी. डिझेल, साधा ऑटोमॅटिक गिअर, लहान चाकं, खरी स्टेपनी, गोल फिरणारी बटणं. आधी कुणीतरी थोडी वापरलेली, कारण नव्या गाडीची किंमत सुरुवातीच्या वर्षांतच सगळ्यात जास्त घसरते आणि ती घसरण दुसऱ्याच्या खिशातून झालेली बरी, असं तक्त्याचं म्हणणं पडलं. डिकीचा ओठ गुडघ्याच्या जरा वर. पेटी टेकवली की सरकत आत. भावोजी म्हणाले, शववाहिनीसारखी दिसते. दादा म्हणाला, सवय होते.

परवा नवरा तक्ता उघडून बसला होता. ॲव्हरेज ठरल्यापेक्षा थोडं जास्तच येतंय, तरी इंधनाचा खर्च वाढलेला. त्याने सूत्रं तपासली, पावत्या पुन्हा मांडल्या, मग मला विचारलं, "त्या गिऱ्हाइकाकडचा रस्ता लांबला का गं?"

"नव्या रस्त्यावर काम चालू आहे. जुन्याने जावं लागतं."

"रोज?"

"येतानाही," मी म्हटलं.