‘पोरांवर प्रयोग करू नका’ म्हणणाऱ्या वाचकास

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसलो आणि तिसऱ्या ओळीला लॅपटॉप मिटला, म्हटलं डोकं थंड झाल्यावर लिहू. अजून तितकंसं झालेलं नाही, पण लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: मी लिहिलं होतं की पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसलेल्याला पिप, व्हेन्व, कॉन्डा या पॅकेजं (तयार सॉफ्टवेअर) टाकायच्या-सांभाळायच्या साधनांच्या भानगडीत न पाडता पहिल्या दिवसापासून निक्स द्यावं, म्हणजे प्रत्येक पॅकेज वेगळं ठेवणारा पॅकेज मॅनेजर. त्यावर या साहेबांचं (नाव नाही, नुसतं ‘एक वाचक’) म्हणणं असं की निक्स विंडोजवर सरळ चालत नाही, डिस्क खातं, निक्सच्या पायथनवर पिपनं नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) टाकलं की लिबएसटीडीसी++ ही त्याला लागणारी सिस्टिमची लायब्ररी सापडत नाही म्हणून बोंब मारतं आणि ती का मारतं हे नवशिक्याला सात जन्मात कळणार नाही, त्यापेक्षा यूव्ही (पायथनची पॅकेजं सांभाळायचं नवं साधन) द्या. आणि शेवटची ओळ: ‘स्वतःला आवडलेलं खेळणं शिकवायचं म्हणून पोरांवर प्रयोग करू नका.’

विंडोजचं मान्य. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) लागतं, लेखात लिहायचं राहिलं, आता टाकलंय. चूक असली की मी कबूल करतो, त्यात मला कमीपणा वाटत नाही.

पण ‘पोरांवर प्रयोग’? अहो, प्रयोग माझ्यावर झालाय. २०१० ची दिवाळी, माझ्याकडे सेकंडहँड डेस्कटॉप, त्यावर उबुंटू १०.०४ ही लिनक्स. त्यात पायथन २.६ होतं आणि मला २.७ हवं होतं. मी काय केलं, तर जुनं आधी काढून टाकू म्हटलं, घरातलं जुनं कपाट काढतो तसं. ॲप्टनं (उबुंटूचा पॅकेज मॅनेजर) ही लांबलचक यादी दाखवली, हे पण जाईल ते पण जाईल, खाली विचारलं पुढे जाऊ का, मी वाय दाबलं. यादी कोण वाचतं? रीस्टार्ट केल्यावर काळा स्क्रीन आणि त्यावर लॉगिन मागणारी एक ओळ, डेस्कटॉप गायब, कारण अर्धा डेस्कटॉप त्या पायथनवर उभा होता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी नेट नाही. दोन दिवसांवर सबमिशन. मित्राकडून पेन ड्राइव्हवर उबुंटू आणून सगळं परत टाकलं, प्रोजेक्टची फाईल गेली ती गेलीच. तेव्हा ‘नवशिक्याला सोपं ते द्या’ हे मला शिकवू नका, सोपं दिलेलंच होतं मला.

निक्समध्ये हे होत नाही, आणि का होत नाही ते लेखात लिहिलं होतं, पण तुम्ही बहुतेक टायटल वाचून खाली आलात. प्रत्येक पॅकेज आपापल्या फोल्डरमध्ये, फोल्डरच्या नावाआधी ३२ अक्षरांचा हॅश (ओळखीचा कोड), त्यामुळे दोन पायथन शेजारी शेजारी नांदतात आणि उबुंटूच्या स्वतःच्या पायथनला कुणी हात लावत नाही. आणि खेळणं म्हणाल तर ते २००३ पासून चालू आहे, एल्को डोल्स्ट्रा यांनी नेदरलँड्समध्ये २००६ साली त्यावर पीएचडी केली, आज त्यात ८० हजारांच्या वर पॅकेजं आहेत. बरंच मोठं खेळणं झालं हे.

आता तुमची सोपी वाट बघू. २०२३ पासून डेबियन आणि उबुंटूच्या नव्या व्हर्जनवर नुसतं पिप इन्स्टॉल केलं की ते नकार देतं, म्हणतं हे पायथन सिस्टिमचं आहे. माझ्या रविवारच्या क्लासमधल्या एका मुलानं तो एरर गूगल केला, जे उत्तर मिळालं ते चिकटवलं: ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा फ्लॅग, म्हणजे कमांडला जोडायचा पर्याय. फ्लॅगच्या नावातच मोडा असं लिहिलंय हो! आणि पोरगं खूश, कारण चाललं. मग प्रयोग कोण करतंय साहेब?

उलट त्याच क्लासमधली एक मुलगी, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला मी आठ ओळींची शेल.निक्स फाईल (कोणती पॅकेजं हवीत ते निक्सला सांगणारी) दिली. निक्स-शेल टाइप केलं, पहिल्यांदा डाऊनलोडला वेळ लागला, तिनं तेवढ्यात चहा घेतला, आणि पांडाजसकट (तक्ते हाताळायचं पॅकेज) पायथन हजर. त्या दिवशी घरच्या दुकानाच्या विक्रीची एक्सेल तिनं त्यात उघडली. फाईल मी लिहून दिली होती, तिला निक्सची भाषा येत नाही, हे तुम्ही म्हणणारच. नाही येत. गॅस पेटवायला रेग्युलेटर खोलून बघतो का आपण?

डिस्कचं म्हणाल तर कचरा काढायची कमांड आहे. पिपचं म्हणाल तर निक्स असताना पिप वापरायचंच कशाला, पायथनसोबत हवी ती पॅकेजं निक्समधूनच घ्यायला विथपॅकेजेस आहे ना. यूव्हीवर वेगळा लेख लिहीन कधीतरी, ते २०२४ चं पोर आहे, थोडं मोठं होऊ दे.

असो. त्या मुलीला आता सायकिट-लर्न (मशीन लर्निंगचं पॅकेज) पण हवंय, फाईलमध्ये नक्की कुठे लिहायचं ते कळेना म्हणून कालपासून तिचे तीन मेसेज आलेत, ती ओळ वाढवून आज रात्री पाठवायचीय. तुमचं उत्तर आलं तर त्यानंतर बघेन. आणि या वेळी नाव लिहा.